प्रार्थनाही चालू, गोळीही चालू

डिप्रेशन आलं की डॉक्टरकडे जायचं, हे आता ऑफिसात सगळ्यांना पाठ झालंय. पण दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून गाणाऱ्या मुलीलाच डिप्रेशन आलं तर? तिने आधी कुणाचं दार वाजवायचं?

‘तू तर ख्रिश्चन ना? मग तुला कसलं आलंय डिप्रेशन?’

हा प्रश्न मला आजवर तीन जणांकडून आला. पहिली ऑफिसातली गँग. त्यांच्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे गोवा, गिटार, प्लम केक आणि डिसेंबरभर चालणारी पार्टी. आता मी मूळची नगरची (कागदोपत्री अहिल्यानगर). आमच्या घरी केकपेक्षा पुरणपोळी जास्त वेळा होते, गिटार कुणालाच येत नाही, बाबा पेटी वाजवतात. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आम्ही साधारण १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. त्यात वसईचे वेगळे, नगर-जालन्याकडचे वेगळे, पुण्याच्या कॅम्पातले गोवन वेगळे. सिनेमात मात्र आम्ही सगळे एकच: गळ्यात क्रॉस, हातात ग्लास आणि तोंडावर हसू. असल्या माणसाला डिप्रेशन येणार कुठून?

दुसरी, चर्चमधली मंडळी. त्यांचा सूर वेगळा, पण प्रश्न तोच. प्रभू सोबत असताना निराशा? कशी काय?

आणि तिसरी मी स्वतः. पहाटे साडेतीनला, टक्क जागी, छताकडे बघत.

ही २०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा मी नोकरीत होते, फ्रीलान्सिंग नंतरचं. एरवी वीस मिनिटांत सुचणाऱ्या हेडलाइनला दोन-दोन तास लागायला लागले. जेवण म्हणजे कागद चावल्यासारखं. स्कूटर पार्किंगमध्ये लावून तिच्यावरच बसून राहायचे, कारण लिफ्टपर्यंत चालत जायचं म्हणजे सिंहगड चढण्याएवढं काम वाटायचं. हे सगळं तुम्ही अशा लेखांत पूर्वी वाचलं असेल. कॉपीबुक लक्षणं! दीपिका पदुकोणने २०१५मध्ये टीव्हीवर बोलून दाखवल्यापासून आपल्या पिढीला ही यादी तोंडपाठ आहे.

पण एक लक्षण त्या याद्यांत सापडत नाही. मला प्रार्थना करता येईना.

लहानपणापासून झोपण्याआधी प्रार्थना करायची सवय. त्यात भक्ती किती आणि सवय किती, हा विचार कधी केला नव्हता. त्या दिवसांत गुडघे टेकले की डोकं कोरं. प्रभूची प्रार्थना, जी मी चौथ्या वर्षी पाठ केली, ती अर्ध्यावर तुटायची. रविवारी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत गायचे आणि मी नुसते ओठ हलवायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या काकूंना वाटायचं, पोरगी किती तल्लीन झालीय!

बाकीच्यांना एक आजार होतो. माझ्यासारख्यांना दोन होतात. आधी डिप्रेशन, आणि मग डिप्रेशन आल्याचा गुन्हा. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात सतत आनंदी राहायला सांगणारं एक वचन आहे. आमच्या घरात ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. टीव्हीच्या बरोबर वर. ते वाचलं की मला सांत्वन वाटायच्या ऐवजी मेमो मिळाल्यासारखं वाटायचं.

स्टेंट चालतो, गोळी नाही

शेवटी घरी कळलंच. मग घरात प्रार्थनासभा झाली. पंधरा-वीस जण आले, चहा-बिस्किटं झाली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. त्यानंतर सल्ले. ‘विश्वासात कुठेतरी कमी पडतेस, बघ.’ ‘कुणाला क्षमा करायची राहिलीय का?’ ‘हा सैतानाचा हल्ला आहे, उपास कर.’ (तोवर माझं सहा किलो वजन उतरलं होतं. उपास आणखी कुठून करणार?) एका भाऊंनी तर मोबाइलवर कुठल्याशा चंगाई सभेचा व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

ही माणसं वाईट नाहीत. हे मला ठासून सांगायचंय, कारण असे लेख वाचून चर्चला झोडपायची फॅशन आहे. आधीच्या वर्षी बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा याच लोकांनी एकवीस दिवस आमच्याकडे डबा पोचवला. त्यांतल्या दोघांनी रक्त दिलं. पण तेव्हा त्यांच्यापैकी एकानेही म्हटलं नाही की स्टेंट कशाला, विश्वास ठेवा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्रार्थना चालू होती आणि आत कार्डिओलॉजिस्टचं काम चालू होतं. दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात कुणालाही विसंगती दिसली नाही.

मग हृदयाला चालतं ते मेंदूला का चालू नये?

ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे मी गेले, त्यांच्या टेबलावर गणपती होता. थोडी धाकधूक होती. आता हे म्हणणार, सोडा हो ते चर्च-बिर्च. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं (थायरॉइड कमी पडला तरी माणूस असाच मलूल होतो). मग विचारलं, ‘चर्चला जाता का? पूर्वी काय वाटायचं तिथे? आता काय वाटतं?’ मी सांगितलं, काहीच वाटत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमत नाही, हे डिप्रेशनचं एक मुख्य लक्षण. कुणाचं क्रिकेट सुटतं, कुणाचं गाणं. माझी प्रार्थना सुटली होती. म्हणजे जे मी विश्वासाचं दिवाळं समजत होते ते डॉक्टरांच्या कागदावर एक साधं लक्षण होतं, भूक न लागण्याच्या खालच्या ओळीत!

नंतरचा प्रश्न अवघड होता. ‘मरावंसं वाटतं का?’

मरायचं नव्हतं. पण सकाळ झाली नाही तर बरं, असं वाटायचं. हे मी चर्चमध्ये कुणाकडेच बोलले नव्हते, कारण तिथे पुढचं वाक्य ठरलेलं: आत्महत्या म्हणजे थेट नरक. ही भीती किती जणांना गप्प ठेवते याचा हिशोब कुणी करत नाही. गंमत म्हणजे, ज्या कॅथलिक चर्चला आपण कडक समजतो ते इथे बरंच पुढे गेलंय. १९१७च्या त्यांच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जायचा. १९८३च्या नव्या कायद्यातून ती अट गेली. आणि १९९२च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांसाठी चर्च प्रार्थना करतं. आमच्या प्रॉटेस्टंट बाजूला हे कुणाला सांगितलं तर ते विश्वासच ठेवत नाहीत.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. एसएसआरआय गटातली, रोज एक. ती मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करते, पण क्रोसिनसारखी तासाभरात नाही. दोन ते चार आठवडे थांबावं लागतं. पहिला आठवडा मळमळीत गेला. ही झोपेची गोळी नाही, हिची व्यसनासारखी सवय लागत नाही, पण मनाला येईल तेव्हा एकदम बंदही करायची नाही. बरं वाटल्यावरसुद्धा निदान सहा महिने, बऱ्याचदा त्याहून जास्त. सोबत कौन्सेलिंग. ‘आणि चर्च?’ मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘जा की. गोळी घेऊन जा.’

पासलीतली भाकरी

ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला तिच्या गावी नेलं. गाव पासली. नसरापूरवरून वेल्हे, आणि वेल्ह्यापुढे केळदच्या रस्त्याला. मढे घाट आणि लक्ष्मी धबधबा बघायला जाणाऱ्या पावसाळी गर्दीच्या गाड्या या गावावरूनच पुढे जातात. आपण गाडीच्या काचेतून फक्त हिरवा रंग बघतो. आम्ही गेलो तेव्हा गर्दी संपली होती आणि भातकापणी सुरू होती. सगळं खोरं पिवळंधमक. तोरणा मागे उभा. माझ्या फोनला रेंज नव्हती, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायला मला तेव्हा शब्द सुचले, हेही खरं.

मैत्रिणीची आजी माळकरी. पंचाहत्तरीच्या पुढची. मी ख्रिश्चन आहे हे कळल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, ‘मंग तुमच्यात काय खात न्हाईत?’ मी म्हटलं, सगळं खातात. तिला ते पटलं. पुढे चार दिवस तिने मला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि काळ्या घेवड्याची आमटी असं आलटून पालटून घातलं. दुपारी माजघरात गोधडी टाकून म्हणायची, ‘पड जरा.’ काय झालंय, का झालंय, एकदाही विचारलं नाही.

रविवार आला. आसपास चर्च नाही. मी ओसरीवर बायबल उघडून बसले. खरं तर दोन महिन्यांत पहिल्यांदा. उघडलं ते पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय, एलीयाची गोष्ट. आजी भाताच्या लोंब्या निवडत बसली होती. ‘काय वाचतीस?’

म्हणून मी तिला एलीया सांगितला. हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर शेकडो पुजाऱ्यांसमोर एकटा उभा राहिलेला, आकाशातून अग्नी उतरवलेला. आणि त्यानंतर लगेच राणी ईजबेलने जिवावर उठल्याचा निरोप पाठवला तर हाच माणूस पळत सुटतो. एक दिवसभर रानात चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपी जातो.

‘मंग? देव रागावला का?’

नाही. देवदूत आला. त्याने हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीया जेवला आणि परत झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. उपदेश नाही, कानउघाडणी नाही. देवाचं बोलणं झालं ते फार नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. आणि तेही अगदी हलक्या आवाजात.

आजीने लोंबी हातातच धरली. म्हणाली, ‘शाना हाय तुमचा देव. आधी जेवू घातलं.’

मी संडे स्कूलपासून ही गोष्ट ऐकत आलेय. तिथे कर्मेलवरचा अग्नी असतो, चित्रासकट. झुडुपाखालची झोप कुणी शिकवली नाही.

मग आजीच बोलायला लागली. त्यांच्या नात्यातल्या एका सुनेचं बाळंतपणानंतर असंच झालं होतं. पोराला जवळ घेईना, चुलीसमोर तासन् तास बसून राहायची. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, अंगारा झाला, कोंबडं झालं. वर्ष गेलं. मग कुठल्याशा आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं आणि पुण्याला पाठवलं. ‘गोळ्यांनी उठली. उगा वरीस घालवलं पोरीचं.’

मला एकदम आमच्या हॉलमधली प्रार्थनासभा आठवली. पासलीत ‘बाहेरचं’, आमच्याकडे ‘सैतानाचा हल्ला’. भाषा बदलली, वाक्य तेच. आणि शहरात शिकलेल्या, इंग्रजीत प्रार्थना करणाऱ्या माणसांना वाटतं की अंधश्रद्धा म्हणजे फक्त अंगारा.

अंधारातली आपली माणसं

परत आल्यावर मी बायबल वेगळ्या नजरेने चाळायला लागले. ईयोब जन्माच्या दिवसाला शाप देतो, यिर्मयाही देतो. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोख आहे. इतर विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. हजारो वर्षांत कुणीतरी ते पुस्तकातून गाळू शकलं असतं, गाळलं नाही. आणि गेथशेमाने बागेत स्वतः ख्रिस्ताने मित्रांना सांगितलं होतं की जीव कासावीस झालाय, माझ्यासोबत जागे राहा. ते झोपले, हा भाग वेगळा.

इतिहासात डोकावलं तर आपल्या पुण्याजवळच केवढी माणसं आहेत! पंडिता रमाबाईंचंच बघा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, झालं, आता शांती! पण १९०७मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की त्यानंतरही कित्येक वर्षं त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. धर्म मिळाला होता, ज्याला शोधत होत्या तो मिळाला नव्हता. त्या काळात त्यांनी काय थोडं केलं? अमेरिका पालथी घातली, १८८९मध्ये शारदासदन काढलं. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं काम शेवटपर्यंत चालू होतं. १९२२च्या एप्रिलमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या गेल्या.

किंवा फादर नेहेम्या गोरे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री. १८४८मध्ये ख्रिस्ती झाले, नंतर पुण्यातही राहिले, रमाबाईंच्या धर्मांतरामागे त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा. एवढा प्रकांड माणूस, पण शंकांनी आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवला आणि ते त्यांनी लपवलं नाही.

याचा अर्थ रमाबाईंना किंवा गोऱ्यांना डिप्रेशन होतं असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसांना घरबसल्या डायग्नोसिस देण्याचा हल्लीचा छंद मला आवडत नाही. शंका वेगळी, शोक वेगळा, आजार वेगळा. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा जग हादरलं होतं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाची जाणीवच होत नव्हती, आत नुसता काळोख. काहींनी त्याला डिप्रेशन म्हटलं, चर्चने आध्यात्मिक काळोख म्हटलं आणि २०१६मध्ये त्यांना संतपद दिलं. नाव काहीही द्या. मला त्यातून एवढंच कळलं की देव जाणवत नाही म्हणून माणूस विश्वासातून नापास होत नाही.

ज्यांनी उघडपणे आजार म्हणूनच सांगितलं असेही आहेत. लंडनचे चार्ल्स स्पर्जन, एकोणिसाव्या शतकातले सुपरस्टार प्रवचनकार. १८५६मध्ये त्यांच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात जण गेले. स्पर्जन तेव्हा अवघे २२ वर्षांचे. पुढे आयुष्यभर निराशेचे झटके येत राहिले आणि ते आपल्या हाताखाली शिकणाऱ्या भावी पाळकांना हे मोकळेपणाने शिकवायचे की असं होतं, तुम्हालाही होईल. आणि अलीकडचं उदाहरण, जस्टिन वेल्बी. २०१९मध्ये, आर्चबिशप ऑफ कँटरबरी असताना, त्यांनी जाहीर सांगितलं की मी डिप्रेशनची औषधं घेतो. पुण्यातल्या गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च, जिथला १८९०चा चहा पिऊन टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, ते ज्या अँग्लिकन परंपरेतलं, तिचा हा तेव्हाचा सर्वोच्च धर्मगुरू. पण या बातमीवर आमच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. चंगाईचे व्हिडिओ मात्र रोज येतात.

गाण्यांचंही तसंच. ना. वा. टिळकांची भजनं आम्ही ‘उपासना संगीत’मधून अजून गातो. पेटी-तबल्यावरच्या त्या भजनांत वारकरी परंपरेतली विरहाची तडफड आहे, रडायला जागा आहे. नवीन वर्शिप टीमच्या गाण्यांत फक्त जय आणि विजय. माझ्या वयाच्या मुलीने हे म्हणू नये कदाचित, पण वाईट दिवसांत मला ड्रम्स नको असतात. पेटी चालते.

साक्ष

डिसेंबरपर्यंत मी बरीच सावरले. एका सकाळी चहाला चव आहे हे लक्षात आलं आणि मी दोन कप प्यायले. जानेवारीत चर्चमधून निरोप आला, साक्ष दे. आमच्याकडे साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, देवाने माझ्यासाठी काय केलं. तिचा एक ठरलेला साचा असतो: आधी अंधार, मग प्रार्थना, मग प्रकाश आणि सगळ्यांचं हालेलुया. मधे केमिस्टचं दुकान येत नाही.

घरात दोन मतं पडली. आईचं म्हणणं, गोळीचं सांगू नकोस, लग्नाचं बघतोय. बाबा पेटीची भाते पुसत म्हणाले, ‘खोटी साक्ष द्यायची असेल तर देऊच नको.’

असो. मी उभी राहिले. आजारी होते म्हटलं, प्रार्थनांबद्दल आभार मानले, डॉक्टरांचे आभार मानले, आणि गोळी अजून चालू आहे, किमान उन्हाळ्यापर्यंत चालेल, असं सांगून खाली बसले. हालेलुया आलं, पण उशिरा आणि विरळ. पाळकसाहेबांनी घाईने पुढचं गीत घोषित केलं. उपासनेनंतर एका भाऊंनी बाजूला घेऊन समजावलं की अशाने अविश्वास पसरतो, गोळ्या बंद करून पाऊल उचललं की देव धरतो. मी ऐकून घेतलं. आमच्याच प्रेअर ग्रुपमधल्या हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलाने तसं पाऊल उचललं होतं, हे मला माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात त्याला अॅडमिट करावं लागलं. तो आज ठीक आहे, नोकरीवर आहे, चर्चला येत नाही.

गेटपाशी माझ्या शेजारच्या बाकावरच्या त्याच काकू उभ्या होत्या, ज्यांना मी तल्लीन वाटायचे. इकडेतिकडे बघून त्यांनी बायबलच्या कव्हरची चेन उघडली. आत, उपासनेच्या चिठ्ठ्या आणि दानाच्या पाकिटांमध्ये, गोळ्यांची एक स्ट्रिप. माझ्याच कंपनीची. ‘अकरा वर्षं,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांनाही सांगितलेलं नाही. बीपीची आहे म्हणते.’

केंद्र सरकारसाठी निम्हान्सने केलेलं २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सांगतं की देशात साधारण २० प्रौढांमागे एकाला कधी ना कधी डिप्रेशन होतं. आणि निरनिराळ्या मानसिक आजारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. आमच्या रविवारच्या उपासनेला दोनेकशे माणसं असतात. करा हिशोब. किती बायबलांच्या चेनमागे काय आहे, कुणास ठाऊक.

आता थोडं कामाचं, तुमच्यापैकी जे वाचता वाचता स्वतःशी ताडून बघतायत त्यांच्यासाठी. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर तिथे फोन करा, किंवा सरळ जवळच्या हॉस्पिटलात जा, आणि कुणाला तरी सोबत घ्या. पोलिसांची भीती नको. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा २०१८च्या मेपासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं हा कायदा गृहीत धरतो, म्हणजे त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं आहे. फक्त ओपीडीची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही, तेव्हा एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्यांत एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम असतो, त्यात काही सेशन्स फुकट मिळतात आणि बॉसला नाव कळत नाही. हे मला नोकरी सोडल्यावर कळलं, हा आमच्या एचआरच्या ईमेल्स किती सुंदर लिहिलेल्या असतात त्याचा पुरावा!

आणि चर्चमधल्या मित्रांसाठी एक. कुणी असं मलूल दिसलं तर प्रार्थना जरूर करा. पण वचन पाठवण्याआधी डबा पाठवा. डॉक्टरकडे जाताना सोबत जा, वेटिंग रूममध्ये बसा. तिथली मासिकं फार जुनी असतात, एकट्याने वाचवत नाहीत.

माझी गोळी २०२३च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. पुढच्या वर्षी पावसाळ्यात पुन्हा सुरू करावी लागली. एकदा येऊन गेलेलं डिप्रेशन परत येऊ शकतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे यावेळी पहाटे साडेतीनला जाग येऊ लागल्यावर चौथ्याच दिवशी मी अपॉइंटमेंट घेतली. प्रार्थनेचं म्हणाल तर कधी जमते, कधी नाही. जमत नाही त्या रात्री बाबा पेटीवर टिळकांचं एखादं भजन वाजवतात आणि मी नुसती ऐकते. आमच्या घरात तीही प्रार्थनाच धरली जाते.

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर तरुण संघातली एक मुलगी माझ्यामागे पार्किंगपर्यंत आली. नुकतीच जॉबला लागलेली, गळ्यात कंपनीचं आयकार्ड रविवारीसुद्धा. हवापाण्याचं बोलली, माझ्या सँडल्सचं कौतुक केलं. मग हेल्मेट घालता घालता हळूच विचारलं, ‘दीदी, तुमचे ते डॉक्टर... फी किती घेतात?’

मी सांगितलं. पहिल्या वेळी जास्त, नंतर कमी. शनिवारी संध्याकाळी गर्दी कमी असते, हेही सांगितलं.